कॉम्प्युटरची वाटणी

जमीन वाटली, जनावरं वाटली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या आणि सगळं घोडं येऊन अडलं ते कॉम्प्युटरपाशी.

भोकरला तहसील कचेरीसमोर रामकिशन आणि भागवत या सख्ख्या भावांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं नि झेरॉक्सचं दुकान होतं. दहा बाय बाराची खोली, एक झेरॉक्स मशीन, एक प्रिंटर आणि एक जुना कॉम्प्युटर. वाटणीत दुकानाची पाळी लागली: सकाळ मोठ्याची, दोननंतर धाकट्याची. पण कॉम्प्युटर पडला एकच, आणि त्याच्या पोटात दोघांच्या गिऱ्हाइकांचे कागद मांडीला मांडी लावून बसलेले. रामकिशन म्हणायचा, भागवत माझी गिऱ्हाइकं हेरतो. भागवत म्हणायचा, दादा माझ्या फाइली उघडून बघतो. खरं सांगायचं तर दोघंही बघायचे. हे सुकन्येला पक्कं ठाऊक होतं, कारण त्या कॉम्प्युटरवर मान मोडून काम करणारी ती एकटीच होती.

सुकन्या भागवतची बायको. अहमदपूरकडची, फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली. फॉर्म भरून झाले की ती लातूरच्या एका क्लाससाठी प्रश्नपत्रिका टाइप करायची. कप्प्या, भिंगं, विजेची मंडलं, ग्रीक अक्षरं, सगळं तिच्या हातून रेखीव उतरायचं. गावाच्या लेखी मात्र ते भागवतचं दुकान होतं आणि सुकन्या "तिथं बसती".

पंचांनी दोन बैठकी घालवल्या आणि हात टेकले. कॉम्प्युटर काय मधोमध कापता येतो? शेवटी बोलल्या त्या केवळाबाई, दोघा भावांची आई. "एका हिरीवर दोन मोटा चालायच्या की रे. मंग ह्या डब्यात दोन कामून चालू नयेत?"

म्हातारीनं अंधारात मारलेला दगड बरोबर लागला. नांदेडहून धम्मप्रियाला बोलावलं, तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजी बरोबर बोलतात. एका डब्यात दोन हार्डडिस्क बसतात."

धम्मप्रियाचं नांदेडच्या श्रीनगर भागात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. तिचे वडील साहेबराव गुरुजी. दोघा भावांनी लहानपणी त्यांच्या हातचा मार खाल्लेला, तोही सारखाच, त्यामुळे गुरुजींची लेक दुजाभाव करणार नाही यावर दोघांचं एकमत झालं. त्या वर्षात त्यांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट.

"जुन्या डिस्कवर दादांचं विंडोज आहे, ते तसंच राहू द्या," धम्मप्रिया म्हणाली. "भागवतभाऊंना नवी डिस्क टाकते. तिच्यावर लिनक्स. फुकट मिळतं, चोरीचं नाही, आणि तुमच्या या म्हाताऱ्या मशीनवर पळंल पण."

भागवतचं तोंड उतरलं. "म्हंजे दादाला इकतचं अन् मला फुकटाचं?"

"घ्या ओ," सुकन्या मागून म्हणाली. "मला येतंय ते. कॉलेजात केलंय."

धम्मप्रियानं डब्याची बाजू उघडली. "आता दादांची डिस्क घटकाभर काढून ठेवते. नवीवर सगळं बसवते, मग परत जोडते. म्हणजे एकीचा दुसरीला धक्का नको."

रामकिशन खुर्चीवरून उठलाच. "न्हाई. मोठ्याचा वाटा जागचा हलत न्हाई."

त्यांच्या घराण्याची रीतच तशी. मोठ्याच्या वाट्याचा दगड एकदा रोवला की धाकट्याचं मोजून होईस्तोवर त्याला हात लावायचा नाही. लावला की वाटणी मोडली, पुन्हा पहिल्यापासून पंच बसवा. धम्मप्रियानं परोपरीनं सांगून बघितलं की ही डिस्क आहे, बांध नाही. पण यावेळी भागवतही दादाच्या बाजूनं बोलला. "राहू द्या ताई, नका काढू. पुन्यांदा पंच कोण गोळा करून राहिलं?"

मग काय, दोन्ही डिस्क जोडलेल्या, दोन्ही भाऊ डब्याच्या दोन अंगांना राखणीला उभे, आणि मधे घामाघूम धम्मप्रिया. तिनं तशीच लिनक्स बसवली. मशीन सुरू केलं की आता काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन नावं यायची, वर रामकिशन, खाली भागवत. ज्याची पाळी त्यानं आपल्या नावावर जाऊन बटण दाबायचं. वर कुणाचं नाव यावर एक तास गेला. दहा सेकंदांत कुणीच काही दाबलं नाही तर मशीन आपोआप वरच्याचं सुरू होणार यावर दुसरा तास गेला. शेवटी धम्मप्रियानं ते दहा सेकंदच काढून टाकले. कुणी बटण दाबेपर्यंत मशीन दोन नावं दाखवत थांबून राहील.

या दोन नावांत सुकन्येचं नाव नव्हतं, आणि ते असावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिच्या मात्र आलं होतं.

आठ महिने असे गेले. भावाभावांत अबोला, निरोप आईमार्फत. सुकन्येच्या पायाला भिंगरी लागली होती. दीड वाजल्यापासूनच ती दुकानाबाहेर येरझाऱ्या घालायची. दोनला दादा उठले की आत घुसायची आणि आठला भागवत शटर ओढायला आला की अर्धवट वाक्यावरून उठायची. स्वयंपाक करताना तिच्या डोक्यात पेंडुलम हलत असायचे. काही सरळ लागेना, काही पुरं होईना.

मग लातूरच्या संगमेश सरांचा फोन आला. ट्युशन एरियातला त्यांचा क्लास मोठा, दर बुधवारी टेस्ट. "मॅडम, तुम्ही इथंच या. सोमवारी बसा, तुमच्याकडं चालू असलेला पुढच्या बुधवारचा पेपर आमच्या ऑफिसात पुरा करा. मंगळवारी चारला तो प्रेसला गेला पाहिजे. नीट गेला तर नोकरी तुमची. उदगीरचा एक मुलगा पण आहे, पण मला तुमचं काम आवडतं."

नोकरी तिची. भागवतची नाही. भागवतनं दोन दिवस तोंड फुगवलं, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "जाऊ. लातुरात मला बी काही तरी भेटंल." त्या एका वाक्यासाठी सुकन्येनं त्याला मागचं बरंच माफ केलं.

निघताना पुन्हा वाटणी. डबा मोठ्याकडे, त्या बदल्यात प्रिंटर धाकट्याकडे, डिस्क ज्याची त्याला. शनिवारी सकाळी भागवतनं स्वतःच डबा उघडला, दोन वायरी उपटल्या आणि आपली डिस्क टॉवेलात गुंडाळली. रामकिशन दाराकडे पाठ करून झेरॉक्सचे कागद सारखे करत बसला होता. सारखेच होते ते. सुकन्येला वाटलं, आता तरी एक शब्द बोलतील. "जातेव दादा," ती म्हणाली. रामकिशननं मान हलवली की नाही हे तिला कळलंसुद्धा नाही.

सोमवारी दहाला संगमेश सरांच्या ऑफिसात ती डिस्क एका मशीनला जोडली गेली. सुकन्येनं बटण दाबलं. पडदा काळा झाला. मशीन सुरू करता येईल असं कुठलंच उपकरण सापडत नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली आणि खाली एक रेघ लुकलुकत राहिली. तिनं बंद करून सुरू केलं. तेच. वायर बदलली. तेच. दुसऱ्या मशीनला लावली. तिथंही तेच.

पंचेचाळीस प्रश्नांपैकी एकेचाळीस त्या डिस्कवर होते. दहा दिवसांचं काम. पेनड्राइव्हवर का घेतलं नाही, असं सरांनी विचारलं. अख्खं बिऱ्हाड घेऊन निघालेला माणूस वाटेसाठी डबा वेगळा बांधतो का? तिला वाटलं होतं, सगळं बरोबरच आहे की.

"दादानं काही तरी करून ठिवलं," सोबत आलेला भागवत दात खाऊन म्हणाला. "म्या वळखतो त्याला. जाता जाता खोड काढली."

सुकन्येनं त्याच्याकडे लक्ष न देता धम्मप्रियाला फोन लावला. ती माहूरला होती, एका भक्तनिवासात कॅमेरे बसवायला. वर गडाला रेंज येऊन जाऊन. तीन वेळा फोन कटला, चौथ्यांदा नीट लागला.

"तुमची डिस्क एकटीच जोडली का ताई?"

"एकटीच. दुसरी दादांपाशी."

"ताई, चूक माझी आहे," धम्मप्रिया म्हणाली. "त्या दिवशी दादांची डिस्क काढू दिली नाही, आणि त्या गडबडीत माझं ध्यान राहिलं नाही. मशीन सुरू झाल्याबरोबर जे पहिलं काम करावं लागतं, ते दादांच्या डिस्कवर बसलंय. आणि त्यानंतर लागतं ते, ती दोन नावांची यादी वगैरे, तुमच्या डिस्कवर. दोन्ही जवळ असतील तरच चालतं."

"माझ्या फाइली?"

"शाबूत आहेत. एक पण गेली नाही. फक्त आत जाता येत नाही."

सुकन्येचा जीव भांड्यात पडला आणि लगेच दुसऱ्या विचारानं तो पुन्हा वर आला. "मंग दादांचं?"

"त्यांचं पण बंद असणार. शनिवारपासून. तुमची डिस्क निघाली तेव्हापासून."

सुकन्या फोन हातात धरून उभी राहिली. शनिवार, रविवार, सोमवार. भोकरचं दुकान बंद, आणि दादांचा फोन नाही. हे काही तिला उमगेना. आदळआपट करायचा त्यांचा स्वभाव. आईला पुढे करून चार गोष्टी ऐकवायच्या सोडून ते गप्प का?

भागवतला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं झालं. भोगू दे." त्या वेळी तिला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला, आणि ऑफिस नसतं तर तिनं घातलाही असता.

ऑफिसातल्या विंडोजला ही डिस्क वाचता येत नव्हती, म्हणून धम्मप्रियानं एक इलाज सांगितला होता. लिनक्सची प्रत उतरवून घ्यायची, पेनड्राइव्हवर चढवायची आणि तिच्यावरून मशीन सुरू करून आत शिरायचं. बाराला सुकन्येनं उतरवून घ्यायला लावलं. त्या दिवशी सरांचं नेट मुंगीच्या पावलांनी चालत होतं. एकला दहा टक्के, तीनला सव्वीस. ती मधल्या वेळात दुसऱ्या मशीनवर आठवून आठवून प्रश्न पुन्हा टाइप करू लागली. तिच्या हाताला बसलेलं सॉफ्टवेअर तिथं नव्हतं, कप्पीचा दोर वाकडा यायचा. उठायची, टक्के बघायची, बसायची, पुन्हा उठायची. साडेचारला एकसष्ट टक्क्यांवर लाइट गेली. आली तेव्हा सगळं पुन्हा शून्यावर. तोवर प्रश्न झाले होते फक्त सात.

संगमेश सर तिच्या टेबलापाशी आले. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, उद्या चार म्हणजे चार. चारशे मुलं बसतात. मी उदगीरच्या मुलाला तयार राहायला सांगतो. मनाला लावून घेऊ नका."

तिनं मनाला लावून घेतलं. भाड्याच्या खोलीवर जाताना ती भागवतच्या चार पावलं पुढे चालत होती. खोलीत पोचताच म्हणाली, "दादांना फोन लावा. डिस्क घेऊन या म्हणा."

"मेलो तरी न्हाई. आता त्याच्यापुढं नाक घासू?"

"तुमचं नाक ठिवा तुमच्यापाशी. फोन द्या हिकडं."

"तू करशील?" भागवत बघतच राहिला. घरात सुकन्या दादांशी कामापुरतं आणि तेही पदर सावरून बोलायची. फोन तर कधीच नाही.

तिनं लावला. भीतीपेक्षा राग मोठा होता. दोघा भावांचा, त्यांच्या दगडाचा, त्यांच्या रीतीचा, आणि या सगळ्यात आपली दहा दिवसांची मेहनत अडकून पडल्याचा.

"हं," रामकिशनचा आवाज आला.

तिनं सगळं एका दमात सांगितलं. धम्मप्रिया काय म्हणाली ते, चारची वेळ, उदगीरचा मुलगा. शेवटी म्हणाली, "दादा, तुमच्या भावासाठी नका येऊ. माझ्यासाठी या. माझी नोकरी हाय ही."



"भोकरहून सकाळी सहाची गाडी हाय," रामकिशन म्हणाला आणि फोन ठेवला.

मंगळवारी साडेदहापासून सुकन्या लातूरच्या बसस्टँडवर होती. नांदेडची गाडी लागली की धावायची, उतरणारी माणसं मोजल्यासारखी बघायची आणि परत यायची. अकरा झाले, साडेअकरा झाले. रामकिशनचा फोन लागेना. पाणी विकणारानं विचारलं, "ताई, कुठं जायचंय?" आणि ती त्याच्यावरच खेकसली, "कुठं न्हाई!" आले नाहीत तर? मनात येऊन मधूनच माघारी फिरले तर? मोठा माणूस, मान मोठा. बारा वाजले तेव्हा तिनं हिशेब सोडून दिला आणि नुसतीच या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली.

साडेबाराला रामकिशन उतरला. लोह्याजवळ गाडीचं टायर फुटलं होतं. पांढरा शर्ट धुळीनं भरलेला, आणि हातात स्टीलचा जेवणाचा डबा, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. डब्यात सरकीसकट कापूस भरून त्याच्या मधोमध डिस्क निजवली होती.

"हादरे बसत्यात गाडीत," तो म्हणाला. ती रिक्षा धरायला पुढे पळाली.

ऑफिसात भागवत खिडकीपाशी उभा होता. दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही नजर डब्याकडे वळवली. सुकन्येला आता कुणाच्या रुसव्याफुगव्याला वेळ नव्हता. तिनं दोन्ही डिस्क जोडल्या. धम्मप्रिया नांदेडला परतली होती, ती फोनवर, स्पीकर चालू. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर दोन नावं आली, वर रामकिशन, खाली भागवत. सुकन्या खालच्या नावावर गेली, आणि मशीन उघडलं.

एकेचाळीस प्रश्न, जिथल्या तिथे.

तिनं पहिल्यांदा सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतलं. मग कुठं तिला श्वास घ्यायचं सुचलं.

"आता ऐका ताई," धम्मप्रियाचा आवाज आला. "मी कमांडच्या दोन ओळी मोबाईलवर पाठवल्यात. पहिली तुम्ही टाकली की ती नावांची यादी जाऊन तुमची डिस्क एकटी सुरू होईल. दुसरी टाकली की दादांची एकटी. दोन्ही टाका, म्हणजे कुणाचं कुणावाचून अडणार नाही." मग तिला आठवल्यासारखं झालं. "दादा, आहात का? शनिवारपासून दुकान बंदच ठेवलं का हो? कुणालाही बोलवायचं. तुमच्याकडचं तर पाच मिनिटांचं काम होतं."

"बोलवलं व्हतं," रामकिशन म्हणाला. "स्टँडजवळचा कॉम्प्युटरवाला चंद्रप्पा आलता शनवारीच."

"मग?"

"त्यो म्हणला, आत्ता चालू करून देतो. पर मंग तुमच्या भावाचं नाव जातंय. त्यानं उद्या डिस्क आणून जोडली तरी मशीन तिला इचारणार न्हाई." रामकिशन पडद्याकडे बघत होता. "म्या म्हणलं, मंग राहू दे बंद."

भागवत खिडकीपासून वळला.

"तीन दिस दुकान बंद ठिवलं?" भागवतचा आवाज चिरकला. आठ महिन्यांत तो भावाशी प्रथमच बोलत होता. "मला फोन कामून न्हाई केला?"

"काय म्हणू फोन करून?" रामकिशन एकदम तडकला. "तुझ्याबिगर माझं मशीन चालंना, असं म्हणू? मोठा हाव ना म्या! अन् तू? तू कामून न्हाई केला?"

भागवतनं खिडकीच्या गजाला धरलं आणि बाहेर बघू लागला, आणि बाहेर बघण्यासारखं तर काहीच नव्हतं.

सुकन्येनं पहिली ओळ टाइप करून ठेवली होती. आता नुसतं एक बटण. आठ महिने तिला हेच हवं होतं. कुणाच्या पाळीची वाट न बघता, कुणाचं नाव आधी न येता सुरू होणारं आपलं काही तरी. आणि आता बोट त्या बटणावर असून दाबवेना. तिला दादांचा राग यायचा होता, तो येईना.

"भागवत, तुझी बी एकटी चालंल म्हणं आता," रामकिशन हळू आवाजात म्हणाला.

"माझी न्हाई ती दादा," भागवत खिडकीतूनच म्हणाला. "हिची हाय. म्या काय करून राहिलो तिच्यावर? काम सगळं हिचं."

सुकन्येनं वळून नवऱ्याकडे बघितलं. हे वाक्य ऐकायला लग्नानंतर नऊ वर्षं लागली, आणि तेही तिच्याशी नाही, भावाशी बोलताना आलं. असू दे. आलं तर खरं.

"दादा," ती म्हणाली, "दाबू का? मला इथं माझ्या पायावर उभं राहायचं हाय. पर तुमी न्हाई म्हणलात तर माझा हात चालायचा न्हाई."

रामकिशननं खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं. "दाब," तो म्हणाला. "कवा तरी दाबावंच लागतंय. माझं बी कर. आईचा जीव लागंना दुकान बंद बघून."

तिनं दाबलं. मग दुसरी ओळ टाकली, तीही दाबली. मशीन बंद करून दादांची डिस्क काढली आणि आपली एकटी सुरू केली. काळा पडदा आला आणि गेला, नावं आली नाहीत, सरळ तिचं काम समोर आलं. मग तिची काढून दादांची लावली. अनोळखी मशीनवर विंडोज जरा घुटमळलं, पण तेही उघडलं. धम्मप्रिया म्हणाली, "झालं, आता दोन्ही मोकळ्या."

मोकळ्या. याच्यासाठी पंच बसले, अबोले धरले, बिऱ्हाड हललं. आणि हवं होतं ते नेमकं हातात आलं तेव्हा त्या टेबलाभोवतीच्या तिघांपैकी एकालाही आनंद झाला नाही. सुकन्येला रडू येत होतं, आणि रडायला वेळ नव्हता. दोन वाजत आले होते आणि चार प्रश्न राहिले होते.

आपली डिस्क परत जोडून ती बसली. दोघं भाऊ भिंतीजवळच्या बाकावर बसले, मधे एका माणसाची जागा सोडून. अडीचला नांदेडची गाडी आहे असं भागवत म्हणाला. रामकिशन म्हणाला, "जाऊ दे ती." बेचाळिसावा प्रश्न भिंगाचा होता, त्रेचाळिसावा कप्प्यांचा. आज दोर सरळ आला. पावणेचारला तिनं पंचेचाळीसही प्रश्न सरांच्या हातात ठेवले. सरांनी उभ्या उभ्या पानं चाळली, एका ठिकाणी थांबले, पुन्हा बघितलं, आणि प्रेसच्या माणसाला हाक मारली.

"मॅडम, उद्या नऊला या," ते म्हणाले. "उदगीरच्या मुलाला मी नाही म्हणून कळवतो."

रामकिशन उठला. कापसात डिस्क ठेवून त्यानं डब्याचं झाकण लावलं. सुकन्या वाकून पाया पडली तेव्हा त्याला काय करावं ते कळेना, त्यानं नुसतंच "बरं, बरं" म्हटलं.

"दादा, मशीन बंद पडलं तर मला फोन करा," ती म्हणाली. "इथून सांगून चालू करून देईन."

रामकिशन दारापर्यंत गेला आणि तिथं थांबला.

"अन् न्हाई पडलं तर?"

भागवतनं पुढे होऊन त्याच्या हातातला डबा घेतला.

"तरी बी करत जा," तो म्हणाला. "चल, सव्वाचारची गाडी निघंल."